डॉक्टर व्हायचंय, की डॉक्टरचं काम करायचंय? वैद्यकीय शिक्षणाचा निर्णय टप्प्याटप्प्याने

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या आवाजांत येतो. "एवढे मार्क आहेत, मेडिकलला जाऊ का?" प्रश्न प्रामाणिक असतो, पण वेळ चुकलेली असते. मार्कांवरून जागा मिळेल की नाही एवढंच कळतं. त्या जागेवरून पुढची तीसेक वर्षं जे काम करायचं, ते झेपेल का आणि रुचेल का, हे मार्कांना ठाऊक नसतं. बहुतेकजण आधी परीक्षा देतात, जागा मिळाली म्हणून फी भरतात, आणि डॉक्टरचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो हे वॉर्डात उभं राहिल्यावर बघतात. तोवर दोन-तीन वर्षं आणि बराच पैसा गेलेला असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी कारण, मग काम पाहणं, मग अभ्यासाची चव, मग वर्षं आणि पैशांचा हिशोब, आणि सगळ्यात शेवटी निर्णय. पैशांचा हिशोब आधी केला तर भीती ठरवते. घरच्यांशी आधी बोललात तर घर ठरवतं. दोन्ही गोष्टी करायच्याच आहेत, पण आपापल्या जागी.

## सुरू करण्याआधी

आठ ते दहा आठवडे हाताशी ठेवा, आणि शक्यतो परीक्षेच्या आधीचं वर्ष निवडा. परीक्षेच्या तोंडावर ही उठाठेव करू नका. तेव्हा मन "हो" किंवा "नाही" यांपैकी जे सोपं पडेल तेच म्हणतं.

एक कागदी वही घ्या. प्रत्येक नोंदीवर तारीख घाला. फोनवर नको, कारण फोनवरचं आपण सोयीनं खोडतो. पहिल्या पानावर आजचं उत्तर लिहा. मेडिकलला जावंसं किती वाटतं, दहापैकी किती? का, ते दोन ओळींत. मग पान दुमडून ठेवा.

आणि एक माणूस शोधा, ज्याला तुमच्या "हो"नं आनंद होणार नाही आणि "नाही"नं वाईट वाटणार नाही. आई-वडील या कामाला चालत नाहीत. त्यांचा दोष नाही, ते एका बाजूचे असतात. जुने शिक्षक, मोठी मैत्रीण, शेजारचे काका, कुणीही चालेल. दर पंधरा दिवसांनी वहीतलं त्यांना वाचून दाखवायचं.

## टप्पा १: कारण लिहा आणि घासून बघा

"मला मेडिकलला जायचंय, कारण..." असं दहा वेळा लिहा. दहाही कारणं वेगळी हवीत. पहिली चार-पाच भराभर येतात आणि ती सहसा दुसऱ्याची असतात. सेवा, मान, घरचा दवाखाना, जीवशास्त्रातले मार्क. सहाव्यानंतर पेन अडखळतं, तिथून पुढचं वाचण्यासारखं.

आता प्रत्येक कारणापुढे विचारा, हेच कारण नर्स, फिजिओथेरपिस्ट, शिक्षक, संशोधक किंवा समाजकार्यकर्ता व्हायलाही पुरेसं आहे का? असेल तर त्यावर काट मारा. "लोकांची सेवा करायची आहे" हे वाक्य इथेच गळतं. ते खोटं असतं असं नाही. ते पन्नास व्यवसायांना लागू पडतं, एवढंच. "जीवशास्त्र आवडतं" हेही जातं, कारण जीवशास्त्र आवडणाऱ्याला संशोधनाची वाट अधिक सरळ आहे.

काट मारून जे उरतं त्यात डॉक्टरच्या कामाचा गाभा दिसायला हवा. अपुऱ्या माहितीवर निदान करायचं, उपचार ठरवायचा, आणि तो चुकला तर त्याची जबाबदारी आपल्या सहीवर घ्यायची. हा भार घ्यावासा वाटतो का? उरलेल्या कारणांत याची पुसटशी तरी खूण हवी.

एक कारण मात्र जपून हाताळा. घरात कुणाचं मोठं आजारपण किंवा मृत्यू झाला आणि तेव्हापासून डॉक्टर व्हायचं ठरलं, असं सांगणारी मुलं पुष्कळ भेटतात. त्या आठवणीत जोर असतो, पण तिच्यात तुम्ही नातेवाइकाच्या खुर्चीत बसलेले असता. टेबलाच्या पलीकडची खुर्ची निराळी. तेव्हा या कारणावर काट मारू नका आणि फक्त त्याच्यावर निर्णयही उभा करू नका. दुसऱ्या टप्प्यात ते आपोआप तपासलं जातं.

तपासणी: काट मारल्यावर एकही कारण उरलं नाही? घाबरू नका, पुढे जा. सतराव्या वर्षी हे स्पष्ट असायलाच हवं असं नाही. पण दहाच्या दहा कारणांमागे दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकू येत असेल, तर ते त्या पानावर तसंच लिहून ठेवा.

## टप्पा २: काम पाहा, आणि कंटाळवाणंच पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. निदान पाच-सहा दिवस, आणि ते सलग नकोत. दोन आठवड्यांत पसरलेले बरे.

पहिली चूक म्हणजे ऑपरेशन थिएटर बघायचा हट्ट. थिएटर नाट्यमय असतं. दिवे, हिरवे कपडे, शांतता. तिथून बाहेर पडलेला प्रत्येक मुलगा "मला सर्जन व्हायचंय" म्हणतो. डॉक्टरांच्या वाट्याला येणारं बहुतेक काम ओपीडीत, वॉर्डात आणि कागदांवर होतं. तेच बघा. एक दिवस सकाळची ओपीडी, एक दिवस वॉर्डातला राउंड आणि त्यानंतरची दुपार. राउंडनंतरची दुपार कुणी बघत नाही आणि नव्या डॉक्टरचं आयुष्य तिथेच जातं. रिपोर्ट गोळा करणं, डिस्चार्ज समरी लिहिणं, दुसऱ्या विभागाला फोन लावून त्यांनी उचलायची वाट बघणं.

परवानगीबद्दल, आणि यात सूट नाही: रुग्णालयाची लेखी परवानगी घ्या. प्रत्येक रुग्णासमोर तुमची ओळख "विद्यार्थी, फक्त बघायला आले आहेत" अशी करून दिली गेली पाहिजे आणि रुग्ण नको म्हणाला तर मुकाट्यानं बाहेर जायचं. फोटो नाही. वहीत नाव नाही, खाट क्रमांकही नाही. कुणी उत्साहानं "टाका तुम्हीच एक टाका" म्हणालं तरी हात लावायचा नाही. अठरा पूर्ण नसतील तर बऱ्याच ठिकाणी आत सोडतच नाहीत. मग वृद्धांची किंवा दिव्यांगांची काळजी घेणाऱ्या संस्थेत काही आठवडे हाताखाली काम करा. ते दुय्यम समजू नका. जर्मनीत वैद्यकीय शिक्षण घेताना पहिल्या मोठ्या परीक्षेआधी तीन महिने शुश्रूषेचं काम करावंच लागतं. अंग पुसणं, भरवणं, चादरी बदलणं. आजारी शरीराजवळ आपल्याला थांबवतं का, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही व्याख्यानातून कळत नाही.

बघताना काय नोंदवायचं? नुसतं "छान वाटलं" लिहून उपयोग नाही. पानावर चार रकाने आखा: बोलणं, तपासणं, लिहिणं, वाट पाहणं. दर पाच मिनिटांनी मान वर करून डॉक्टर काय करतायत ते बघा आणि त्या रकान्यात एक रेघ ओढा. दोन दिवसांत पान भरतं आणि कामाचा खरा आकार दिसतो. बहुतेकांना "लिहिणं" या रकान्याची लांबी बघून धक्का बसतो.

शिवाय तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. तीच तक्रार दिवसात पंधराव्यांदा ऐकताना डॉक्टरांचा चेहरा कसा असतो? काय झालंय ते कळत नाही, तेव्हा ते काय म्हणतात आणि कुणाला विचारतात? आणि वाईट बातमी सांगून झाल्यावर पुढच्या पाच मिनिटांत ते काय करतात? सहसा पुढचा केस पेपर उघडतात. ते तुम्हाला निष्ठुर वाटलं की समजलं, हे लिहून ठेवा.

एक प्रसंग सांगते. वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंना सलाइन लावायचं होतं आणि शीर सापडत नव्हती. इंटर्ननं दोनदा टोचलं, दोन्ही वेळा शीर फुगली. बाई म्हणाल्या, "राहू दे रे बाळा, उद्या बघ." औषध तर तेव्हाच जायला हवं होतं. त्यानं सुई ठेवली, स्टूल ओढून त्यांच्या उंचीला बसला, हात खाली सोडायला लावला, कोमट शेक दिला आणि सिस्टरना हाक मारली. सिस्टरनी पहिल्या खेपेत लावली. बाजूला बघायला आलेल्या दोन मुली होत्या. एक हळूच म्हणाली, "एवढं शिकून हेच करायचं?" दुसरीनं विचारलं, "शेकल्यानं शीर वर कशी येते?" एका वाक्यावरून कुणाचं आयुष्य ठरत नाही, हे मान्य. पण मला त्या इंटर्नचं तिसऱ्यांदा न टोचणं जास्त मोलाचं वाटलं होतं, आणि ते दोघींपैकी कुणाच्याच वहीत नव्हतं.

रक्त बघून चक्कर आली तर: म्हणजे आपण या कामाचे नाही, असा निष्कर्ष काढू नका. रक्त किंवा जखम बघून काहींच्या नाडीचा वेग आणि रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूला रक्त कमी पोचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. ही शरीराची प्रतिक्रिया आहे, धैर्याची परीक्षा नव्हे. मीही शिकत असताना एक साधं ड्रेसिंग बघताना भिंतीवरून घसरत खाली बसले होते, उपाशीपोटी तासभर उभी होते म्हणून. पोटात काहीतरी असू द्या, पाणी प्या, गुडघे ताठ ठेवून उभे राहू नका. घाम सुटला, कान बंद झाल्यासारखे वाटले तर मांड्या, पोट आणि दंडाचे स्नायू आवळून धरा आणि सरळ खाली बसा. बहुतेकांची सवयीनं ही सुटते. दहाव्या खेपेलाही तितकीच तीव्र राहिली तर मात्र डॉक्टरांशी बोला. त्यावर उपचार असतो.

तपासणी: पाचव्या दिवशी सकाळी जावंसं वाटलं का? पहिल्या दिवशी सगळ्यांनाच वाटतं, म्हणून पाचव्या दिवसाचं लिहा.

## टप्पा ३: अभ्यासाची चव घ्या

बारावीचं जीवशास्त्र आवडणं आणि मेडिकलचा अभ्यास आवडणं यांत मोठं अंतर आहे. प्रवेश परीक्षेत चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. पुढे व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परीक्षक समोर हाड ठेवतो आणि गप्प बसतो. पर्याय नसतात. अभ्यास फार अवघड असतो अशातला भाग नाही, तो अफाट असतो. एकेक पान कळतं, पण पानं संपत नाहीत आणि मागची पुसली जातात.

म्हणून तीन आठवडे, रोज दीड तास, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातलं एकच प्रकरण घ्या. ग्रंथालयात जुनी आवृत्ती मिळाली तरी चालते, हाडं बदललेली नाहीत. मी मनगट सुचवते. शरीरात २०६ हाडं, त्यांतली आठ एकट्या मनगटात. स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपीझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट.

1. पहिला आठवडा: आठही नावं क्रमाने, आकारासकट, कुठलं कुणाला टेकलंय हे न बघता काढता आलं पाहिजे. हा शुद्ध पाठांतराचा भाग. कंटाळा येणारच.
2. दुसरा आठवडा: एकच प्रश्न घ्या. हात टेकून पडल्यावर स्कॅफॉइड मोडलं तर ते जुळायला इतकं का छळतं? उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलट्या दिशेनं मनगटाकडे जातं. मधोमध मोडलं की मनगटाकडचा तुकडा उपाशी राहतो, प्रसंगी मरतो. त्यात पहिल्या एक्स-रेत ही मोड दिसेलच असं नाही. अंगठ्याच्या मुळाशी खळग्यात दुखतंय एवढ्यावर डॉक्टर हात आधारात ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात.
3. तिसरा आठवडा: पुस्तक बंद करून हे सगळं घरातल्या कुणालातरी दहा मिनिटांत समजावा. त्यांनी मध्येच प्रश्न विचारू द्या.

दुसऱ्या आठवड्यात, नावं आणि मोडकं हाड यांची गाठ पडली तेव्हा, "अच्छा, म्हणून होय!" असं काही झालं का? तो क्षण ज्यांना येतो त्यांना पुढचं पाठांतर सहन होतं. ज्यांना नुसती नावं पाठ झाल्याचा आनंद होतो त्यांची पहिल्या वर्षात दमछाक होते, मार्क कितीही असोत.

नेहमीची चूक: व्हिडिओ बघून "मला कळलं" असं समजणं. व्हिडिओत सांगणाऱ्याला कळलेलं असतं. कागदावर स्वतः काढून बघितल्याशिवाय हा टप्पा पुरा धरू नका.

## टप्पा ४: वर्षं मोजा, मग पैसा

आडवा कागद घ्या आणि रेघ ओढा. डाव्या टोकाला आजचं वय. आता वर्षं भरा. भारतात एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. पुढे एमडी किंवा एमएसची तीन, आणि सुपरस्पेशालिटी करायची तर आणखी तीन. अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि एकही वर्ष वाया गेलं नाही, तरी साडेएकोणतीस. ब्रिटनमध्ये पाच-सहा वर्षांची पदवी, दोन वर्षांचं फाउंडेशन (पदवीनंतरचं रुग्णालयातलं पायाभूत प्रशिक्षण) आणि त्यापुढे विषयाचं प्रशिक्षण. अमेरिकेत साधारण चार वर्षांची साधी पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल आणि तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं विषयाचं प्रशिक्षण. देश कुठलाही असो, रेघ लांबच निघते.

रेघेवर एक-दोन वर्षं "परीक्षा पुन्हा" म्हणून मोकळी सोडा, प्रवेशाआधी आणि पदव्युत्तर प्रवेशाआधीही. मग रेघेखाली त्याच वर्षांत बाकीचं आयुष्य भरा: पालकांचं निवृत्तीचं वय, भावंडांचं शिक्षण, लग्न-मूल हवं असेल तर ते. हे बघून पोटात गोळा येतो. येऊ द्या, तो आत्ता आलेला बरा.

पैशाच्या हिशोबात लोक फी तेवढी धरतात. राहणं-जेवण, पुस्तकं, परीक्षांच्या फिया, पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीचा काळ, कर्जाचं व्याज आणि बरोबरीचे मित्र कमवायला लागलेले असतात त्या वर्षांतली न मिळालेली कमाई, हे सगळं त्यात येतं. काही ठिकाणी शिक्षणानंतर ठरावीक काळ सेवा करण्याचा बाँड असतो. तो किती वर्षांचा, मोडला तर किती भरायचे, हे लेखी मिळवा. आणि हिशोब दोनदा करा: एकदा सगळं वेळेत झालं असं धरून, एकदा दोन वर्षं उशीर धरून. कर्ज घ्यायचं की नाही हे दुसऱ्या आकड्यावर ठरवा.

परदेशी शिकायला जाणाऱ्यांनी थांबून वाचा: जिथे शिकणार तिथल्या पदवीवर जिथे काम करायचंय तिथे परवाना मिळेलच, असं नाही. परदेशात एमबीबीएसच्या तोडीचं शिकून भारतात परतलेल्यांना एफएमजीई ही चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं, अमेरिकेत काम करायचं तर यूएसएमएलई ही तिथली परवाना परीक्षा. जगभरच्या मेडिकल स्कूलांची जी निर्देशिका असते, तिच्यात कॉलेजचं नाव असणं म्हणजे मान्यता नव्हे. एजंट नेमकं हेच नाव दाखवून पालकांना गप्प करतात. परवाना देणाऱ्या परिषदेचे त्या वर्षीचे नियम स्वतः वाचा, आणि ते पैसे भरण्याआधी.

## टप्पा ५: झोप, शरीर, मन

अमेरिकेत रेसिडेंटच्या कामाच्या तासांवर २००३ साली देशभर मर्यादा आली. ती होती आठवड्याला सरासरी ८० तास. मर्यादाच ८०! आठवड्याचे एकूण तास १६८ असतात. युरोपीय संघात सरासरी ४८ तासांचा नियम आहे. नियम कागदावर आणि ड्यूटी वॉर्डात, यांत फरक पडतो, हे कुठलाही रेसिडेंट सांगेल.

जागरण करून बघायचा वेडा प्रयोग करू नका. त्याऐवजी मागची उदाहरणं आठवून वहीत लिहा. झोप मोडल्यावर मी कसा किंवा कशी वागते? चिडते, रडते, चुका करते, की गप्प होते? दमलेलं असताना कुणी वाटेल तसं बोललं तर काय होतं? यातलं कुठलंही उत्तर अपात्र ठरवत नाही. पण चूक झाल्यावर ती लपवायची सवय असेल, तर तिच्याकडे गंभीरपणे बघा. या कामात न झोपलेला माणूस चालवून घेतला जातो, चूक लपवणारा धोकादायक असतो.

आधीपासून एखादा आजार, अपंगत्व किंवा मानसिक त्रास असेल तर स्वतःच स्वतःला बाद करू नका आणि लपवूही नका. पात्रतेचे नियम आणि मिळणाऱ्या सवलती लेखी विचारा, आणि आपल्या डॉक्टरांशी एकदा या प्रश्नासाठीच वेळ घेऊन बोला.

## टप्पा ६: तीन माणसांना विचारा, पण नीट विचारा

एक पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, एक रेसिडेंट, आणि एक पंधरा-वीस वर्षं काम केलेला डॉक्टर. मेडिकल अर्ध्यात सोडलेलं कुणी भेटलं तर सोन्याहून पिवळं. नामवंत डॉक्टरांच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे तयार भाषण असतं.

"कसं वाटतं?" विचारलंत की "छान आहे, पण मेहनत हवी" हेच मिळेल. त्याऐवजी असं विचारा:

- गेल्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत?
- गेल्या महिन्यात कुठल्या कामाचा सगळ्यात जास्त कंटाळा आला?
- सोडून द्यावंसं शेवटचं कधी वाटलं होतं, आणि मग का नाही सोडलं?
- तुमच्या बॅचमध्ये कुणाला हे क्षेत्र मानवलं नाही? त्यांचं काय वेगळं होतं?

शेवटच्या प्रश्नावर माणसं मोकळी होतात, कारण बोलणं स्वतःबद्दल नसतं.

इशारा: "नको रे बाबा, या लाइनमध्ये येऊ नकोस" असं डॉक्टर सहज म्हणतात. ड्यूटी संपताना विचारलंत तर हमखास. त्याला उत्तर समजू नका. तेच माणूस दुसऱ्या दिवशी वेळेआधी ओपीडीत असतं. का असतं, ते विचारा.

## टप्पा ७: शेजारच्या वाटा

इथे माझं मत थोडं कडक आहे. ज्यानं शेजारची एकही वाट नीट पाहिली नाही, त्याचा मेडिकलचा "हो" मी कच्चा धरते. नर्सिंग, फिजिओथेरपी, वाचा-श्रवण उपचार, क्लिनिकल मानसशास्त्र, औषधनिर्माण, सार्वजनिक आरोग्य, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, प्रयोगशाळेतलं संशोधन. यांतल्या दोन वाटा निवडा आणि टप्पा दोनसारखाच एकेक दिवस तिथे काढा. रुग्णाबरोबर सलग वेळ घालवायची ओढ असेल तर फिजिओथेरपिस्टला ती बऱ्याच डॉक्टरांपेक्षा जास्त भागवता येते. रोगाचं मूळ शोधण्याची ओढ असेल तर ती संशोधनात भागते. या वाटा उरलेल्यांसाठी नाहीत. "मेडिकल नाही मिळालं म्हणून" असं म्हणत तिथे गेलेला माणूस त्या कामाचंही नुकसान करतो.

उलट चूकही होते. "मला माणसांशी फार बोलायला आवडत नाही, म्हणजे मेडिकल नको." पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, रेडिओलॉजी यांत रुग्णाशी बोलणं कमी असतं. पण तिथवर जायचा रस्ता वॉर्डातूनच जातो, आणि हवा तो विषय पुढे मिळेलच असंही नाही. म्हणून एकाच स्पेशालिटीवर नजर ठेवून आत शिरू नका. साधा, कुठलीही स्पेशालिटी नसलेला डॉक्टर म्हणून काम करायला आवडेल का, याला "चालेल" एवढं तरी उत्तर हवं.

## टप्पा ८: घरी बोला

आता वही भरलेली आहे, म्हणून आता. मत घेऊन जाऊ नका, नोंदी घेऊन जा. रकान्यांचं पान, वर्षांची रेघ, दोन्ही हिशोब. "मला वाटतं"वर वाद होतो, रेघेवर कमी होतो. घरच्यांना दोनच गोष्टी विचारा: उशीर झाला तर किती वर्षं आधार देता येईल, आणि मी मध्येच थांबायचं ठरवलं तर काय? दुसऱ्या प्रश्नावर शांतता पसरली, तर ती भरायची घाई करू नका.

## टप्पा ९: निकालाच्या आधी ठरवा

निर्णयाची तारीख निकालाच्या आधीची ठेवा. जागा हातात आल्यावर नाही म्हणणं जवळपास कुणालाच जमत नाही, आणि हुकल्यावर "मला नकोच होतं" म्हणणं सगळ्यांना जमतं.

दोन पत्रं लिहा, दोन्ही स्वतःला. एकात "मी मेडिकलला जायचं ठरवलं", दुसऱ्यात "मी जायचं नाही ठरवलं", प्रत्येकी एक पान, खऱ्या कारणांसह. दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग सुरुवातीला शोधलेल्या त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. कुठलं पत्र वाचताना आवाज सैल पडतो ते त्यांना विचारा. मग पहिलं दुमडलेलं पान उघडा. आकडा बदलला असेल तर कशामुळे, आणि बदलला नसेल तर तो आता कशावर उभा आहे, हे खाली लिहा.

उत्तर "हो" असेल तर त्याच पानावर अजून दोन ओळी: परीक्षेचे प्रयत्न जास्तीत जास्त किती, आणि त्यानंतर कुठली वाट. प्रयत्नांचा आकडा आधी लिहिला नाही तर "अजून एकदा" म्हणत वर्षं जातात. दरवेळी मार्क थोडे वाढतात आणि तेवढी वाढ आणखी एका वर्षाला पुरेशी वाटते.

उत्तर "माहीत नाही" असेल तर टप्पे पुन्हा पहिल्यापासून करू नका. वहीत सगळ्यात पातळ पान कुठलं ते बघा, आणि तेवढाच टप्पा अजून तीन आठवडे करा. बहुतेकांचं ते दुसऱ्या टप्प्याचं निघतं.

प्रवेश मिळालाच, तर फी भरण्याआधी प्रवेश रद्द करण्याच्या अटी वाचा: कुठल्या तारखेपर्यंत किती पैसे परत, मूळ कागदपत्रं कुणाकडे राहणार, जागा सोडल्यास दंड किती. मूळ कागदपत्रं देण्याआधी त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा आणि जमा केल्याची पावती घ्या. वही बरोबर न्या. पहिलं वर्ष संपल्यावर टप्पा एकमधली उरलेली कारणं पुन्हा एकदा वाचायची आहेत.